फडावरची बाई कामगार नव्हती काय?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची एक हकिकत महाराष्ट्रात जवळपास सगळ्यांना तोंडपाठ आहे. पोट नऊ महिन्यांचे, बोर्डावर नाच चालू आणि मध्येच कळा सुरू झाल्या. विठाबाई कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. लोकांना आधी कळलेच नाही, मग पोट सपाट दिसल्यावर कळले आणि मंडळी थक्क झाली, असे सांगतात.

ही हकिकत सांगताना वक्ते टाळ्या घेतात. कलेवरची निष्ठा, रसिकांवरचे प्रेम वगैरे. मला मात्र दरवेळी साधे प्रश्न पडतात. नऊ महिन्यांची बाई त्या रात्री कामावर का होती? जवळ सुईण का नव्हती? खेळ बंद केला असता तर काय झाले असते? फड घरचाच होता, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी वाढवलेला, त्यामुळे कुणा दुष्ट मालकावर बोट ठेवून सुटताही येत नाही. सुपारी घेतलेली होती आणि समोर तिकीट काढून बसलेले पब्लिक होते. खेळ थांबला तर पब्लिक कनाती फाडते, हे फडावरच्या प्रत्येकाला माहीत असते.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी आणि कारखान्यांतल्या बाळंत स्त्रियांना पगारी विश्रांती देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि त्या बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. म्हणजे विठाबाई जन्मण्याच्याही आधी. पण कायदा कारखान्यातल्या बाईसाठी होता. कनातीमागची बाई कामगार आहे, हे कुणाच्या डोक्यात आले नाही.

या लेखाचा विषय लैंगिक छळ आहे आणि मी बाळंतपणापासून का सुरुवात केली, असे काही जण विचारतील. कारण दोन्हीचे मूळ एक आहे. जी बाई कामावर आहे असे कुणी मानतच नाही, तिच्यासाठी कामाची जागा सुरक्षित करण्याचा प्रश्नही कुणाला पडत नाही. तिला हात लावला तर तो छळ ठरत नाही, 'तिथे असेच चालते' म्हणून सोडून दिले जाते. ही समजूत कशी तयार झाली, कुणी तयार केली आणि आपल्या चळवळीने तिचे काय केले, हे बघायचे आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास शाळेत शिकवतात तो असा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. मग संगीत नाटक आले, बालगंधर्व आले. स्त्रियांची कामे पुरुष करीत, कारण कुलीन स्त्रीने रंगमंचावर जाणे बरे दिसत नसे. अधूनमधून काही बायकांनी धाडस केले आणि १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे वगैरे स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या, तो मोठा टप्पा मानला जातो. स्त्रियांनी नाटकात काम करावे की करू नये, यावर त्याआधी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत आणि नाट्यसंमेलनांत वाद चालला होता.

आणि हा वाद चालू असताना पवळा कुठे होती? संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावची महार समाजातली ही बाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून फडावर उभी होती. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांच्या लावण्या तिने गावोगाव पोचवल्या. गर्दी तिला बघायला लोटत असे. पण 'स्त्रीला रंगभूमीवर आणावे काय' या चर्चेत पवळेचे नाव निघत नाही. त्या चर्चेतला 'स्त्री' हा शब्द महार, मांग, कोल्हाटी बाईला लागूच नव्हता. कुलीन स्त्रीची अब्रू जपण्यासाठी पुरुषाने लुगडे नेसायचे आणि दलित बाईला मात्र मशालीच्या उजेडात उभे करायचे, या दोन्ही गोष्टी एकाच समाजाने एकाच काळात केल्या. पहिली मराठी स्त्री नाटककार म्हणून आज ज्यांचे नाव घेतात त्या हिराबाई पेडणेकर. त्यांचे 'संगीत दामिनी' १९१२ चे. पण त्या गोव्याच्या नायकिणींच्या समाजातल्या होत्या, म्हणून त्यांच्याकडे नाट्यक्षेत्राने काय नजरेने पाहिले तेही याच हिशेबात धरा.

पेशवाईत नाटकशाळा होत्या, कुणबिणी विकत घेतल्या जात होत्या. त्या काळापासून लावणीला आश्रय देणारा आणि नाचणाऱ्या बाईवर हक्क सांगणारा एकच होता. आश्रयदाता बदलत गेला. सरदार गेला, पाटील आला, पाटलानंतर साखर कारखान्याचा संचालक आला आणि आता हळदीचा सौदा करून खिसा गरम झालेला कुणीही येतो. हक्काची भाषा बदलली नाही. संगीत बारीत कोल्हाटी समाजातल्या मुलींच्या 'चिरा' उतरवण्याबद्दल किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये लिहिले तेव्हा पांढरपेशा वाचकांना धक्का बसला. बारीच्या दारात गाड्या लावणाऱ्यांना धक्का बसण्याचे कारण नव्हते.

प्रा. शैलजा पैक यांचे तमाशातल्या दलित स्त्रियांवरचे इंग्रजी पुस्तक २०२२ साली आले, आणि २०२४ ची मॅकआर्थर फेलोशिप त्यांना मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे स्टेटस ठेवले. पुस्तक किती जणांनी वाचले माहीत नाही. त्यांच्या मांडणीचा गाभा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा आहे की 'अश्लील' हा शिक्का नाचावर नंतर बसतो, तो आधी जातीवर बसलेला असतो. तीच अदा सिनेमातल्या नटीने केली तर कला होते आणि तमाशातल्या बाईने केली तर चाळे होतात. आणि 'अश्लील' ठरलेल्या बाईला हात लावायला परवानगी लागत नाही, असे हात लावणारा धरून चालतो.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येते.

महाडच्या सत्याग्रहाच्या काळातली हकिकत तुम्ही ऐकली असेल. पठ्ठे बापूराव बाबासाहेबांना भेटायला गेले आणि आपल्या काही खेळांचे उत्पन्न चळवळीला देण्याची तयारी दाखवली. बाबासाहेबांनी नकार दिला. महारांच्या बायका नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. पैशांची केवढी चणचण असेल त्या दिवसांत, तरी नको म्हणाले.

या नकाराचा अर्थ आपण कसा लावतो? बहुतेक भाषणांत तो 'तमाशा वाईट, बाबासाहेबांना तमाशा आवडत नसे' असा लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. ज्या पैशाला त्यांनी नाही म्हटले तो एका ब्राह्मण फडमालकाच्या हातातला पैसा होता आणि तो दलित बायकांच्या अंगावरून आलेला होता. त्यांचा सवाल त्या व्यवहाराला होता. पण मी त्यांना सोयीस्करपणे आजच्या भाषेतही बसवणार नाही. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर बाबासाहेब बोलले तेव्हा त्यांचे बोलणे कडक होते. हा धंदा सोडा, लग्न करून इतर बायांसारखे राहा, नाहीतर समाज तुम्हाला जवळ करणार नाही, असाच त्याचा रोख होता. खायचे काय, या प्रश्नावरही ते नरमले नाहीत. हजारो बायका हलाखीत राहून मानाने जगतात, मग तुम्ही का नाही, असा त्यांचा उलट प्रश्न होता. धर्मांतराची घोषणा होऊन वर्ष झाले नव्हते. संपूर्ण समाजाच्या माणुसकीचा लढा चालू असताना त्या समाजाच्या बायका बाजारात उभ्या राहाव्यात हे त्यांना सहन होणे शक्य नव्हते, आणि ते मला समजते.

पण सोडणे ज्यांना शक्य झाले नाही त्यांचे काय झाले? ज्यांच्यावर उचल होती, ज्यांच्या मिळकतीवर भावांचे संसार चालत होते, ज्यांना वयाच्या बाराव्या वर्षी पायात चाळ बांधले गेले होते, त्या बायका फडावरच राहिल्या. आणि चळवळीने त्यांच्याकडे पाठ केली. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, त्यातून बाबासाहेबांचा विचार वाड्यावस्त्यांवर गेला. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, असे सांगतात. जलशाने तमाशाचा साचा घेतला. गण-गवळणीतले देव काढले, चावट बोलणे काढले आणि नाचणारी बाईही काढली. बाईची कामे पुरुषांनी केली. लढाऊ रंगमंच उभा करण्यासाठी त्या काळी ते गरजेचे असेल. मात्र त्यातून एक सवयही लागली. बाई बाजूला केली की प्रश्न मिटला, ही ती सवय.

माझे म्हणणे एवढेच आहे की १९३६ च्या भाषणाच्या जोडीला १९२८ चे भाषण वाचा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळणारे, खाणीत काम करणाऱ्या बाईच्या बाळंतपणाचा कायदा सुधारणारे बाबासाहेब वाचा. त्या बाबासाहेबांनी खाणकामगार बाईला 'खाणीत जाऊ नकोस, मग मान मिळेल' असे सांगितले नाही. तिच्या कामाच्या जागेला नियम लावले. फडावरच्या बाईसाठी हा दुसरा रस्ता आपण कधी चाललोच नाही.

सरकारने तर उलटाच रस्ता धरला. स्वातंत्र्य मिळाले आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी धावाधाव केली, मग १९४८ साली दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तमाशा 'सुधारण्याचे' ठरले. (आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे हा हुकूम इकडे लागू नव्हता. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि ही सुधारणा आयतीच आपल्या वाट्याला आली.) १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले, ज्याला आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो. वगाची, बतावणीची, लावणीची संहिता या मंडळाकडून तपासून घ्यायची.

हे मंडळ काय तपासत होते बघा. कुठला शब्द द्व्यर्थी आहे, कुठला हावभाव सभ्य नाही. म्हणजे राज्याला बाईच्या कमरेची काळजी होती, पण ती कमर प्रेक्षकाला जास्त हलताना दिसू नये एवढ्यापुरती. कनातीच्या मागे कपडे बदलायला आडोसा आहे का, रात्री दोन वाजता खेळ सुटल्यावर तिच्या राहुटीत कोण घुसते, सुपारी देणारा पुढारी 'खासगी बैठक' मागतो तेव्हा तिला नाही म्हणता येते का, हे कुठल्याच अर्जात विचारलेले नव्हते. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वरून हेच मंडळ न्यायालयापर्यंत गेले तेव्हा महाराष्ट्रभर अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण नाटकातल्या शब्दांसाठी एवढे भांडणाऱ्या रंगकर्मींनी नाटकात काम करणाऱ्या बायांच्या सुरक्षिततेसाठी तेवढाच आवाज केला, असे मला कुठे सापडत नाही. पुढे २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली, तेव्हाही तीच तऱ्हा. बाईच्या प्रतिष्ठेच्या नावाने तिचेच काम बंद केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती बंदी रद्द ठरवली, तोवर हजारो बायांची रोजीरोटी गेली होती आणि त्यांत आपल्या जातीतल्या बाया किती होत्या, हे वेगळे सांगायला नको.

फडाचा व्यवहार कसा चालतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण छळ या व्यवहारातच मुरलेला आहे. ढोलकी फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या गावजत्रा संपेपर्यंत चालतो. मोठ्या फडात शंभरावर माणसे, चार-पाच ट्रक, तंबू, जनरेटर. नारायणगावला राहुट्या लागतात, तिथे गावोगावचे जत्रा कमिटीवाले येऊन सुपारी देतात. पावसाळ्यात काम नसते, तेव्हा कलावंत मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर नाचून ती फेडतात. मालकही सावकाराकडून उचल घेतो. आपल्या भागातून जे लोक कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जातात, त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. मुकादमाची उचल फिटल्याशिवाय ऊसतोड कामगाराला टोळी सोडता येत नाही, तसाच फडही सोडता येत नाही. तक्रार करणारी बाई आधी उचलीचा हिशेब करते. ती फिटलेली नसेल तर तोंड मिटते.

त्यावर दौलतजादा. प्रेक्षकाने नोट दाखवायची आणि बाईने ती घ्यायला जवळ जायचे. त्या दोन हातांच्या अंतरात काय काय होते ते सगळ्यांना दिसते. त्याला कुणी छळ म्हणत नाही, कारण नोट घेतली म्हणजे संमती दिली, असे समजले जाते.

कायदा काय म्हणतो?

१९९२ साली राजस्थानात भटेरी गावात भंवरी देवी या कुंभार जातीच्या बाईवर सामूहिक बलात्कार झाला. ती सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होती, बालविवाह थांबवायला गेली होती. म्हणजे तिच्यावर हल्ला झाला तो तिच्या कामामुळे. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवतील कसे, असा तर्क त्या निकालात होता. स्पृश्य-अस्पृश्यतेचा उपयोग बलात्कारातून सुटण्यासाठी! या प्रकरणातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. त्याचा कायदा व्हायला २०१३ उजाडले. आज मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित कचेऱ्यांत या कायद्याचे प्रशिक्षण होते, भिंतीवर पोस्टर लागतात. तो कायदा एका खेड्यातल्या, मानधनावर राबणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातीच्या बाईच्या अंगावरच्या जखमेतून आला आहे, हे त्या पोस्टरवर नसते.

२०१३ चा हा कायदा जरा बारकाईने वाचा, कारण तो फडाला लागू होतो आणि ही गोष्ट फडावर कुणालाच सांगितली जात नाही. कामाच्या जागेच्या व्याख्येत मनोरंजनाचा व्यवसाय स्पष्ट शब्दांत आहे. कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागा, आणि मालकाने दिलेले वाहनसुद्धा कामाची जागा आहे. म्हणजे जत्रेचे मैदान, राहुटी आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणारा ट्रक, तिन्ही. कर्मचारी कोण? रोजंदारीवरचा, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेला, मानधन मिळो न मिळो, सगळे कर्मचारी. व्यावसायिक रंगभूमीवर 'नाईट'वर काम करणारी नटी, दौऱ्याच्या बसमधली मुलगी, हौशी नाटकाच्या तालमीला येणारी विद्यार्थिनी, याही त्यात येतात. कलम १९ सांगते की कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या लोकांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. फडावर संपर्कात येणारे लोक म्हणजे प्रेक्षक. दौलतजादाचे काय करायचे ते या कलमात आहे.

दहा किंवा जास्त माणसे असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, नाहीतर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. मोठा फड यात सरळ बसतो. दहापेक्षा कमी माणसांची पार्टी असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. त्या समितीत एक तरी सदस्य अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली बाई असली पाहिजे, असेही कायद्यात आहे.

पण हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका जागी असलेली कचेरी होती. फड आज औंढ्याला, उद्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, परवा लातूरकडे. तक्रार कुठल्या जिल्ह्यात द्यायची? मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी तीन. हंगामच सात महिन्यांचा, आणि हंगाम संपून उचल फिटल्यावर बोलायची हिंमत होईपर्यंत मुदत गेलेली असते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते, तोवर साक्षीदार दहा जिल्हे फिरून आलेले असतात. तक्रार खोटी आणि द्वेषाने केलेली ठरली तर तक्रारदारावर कारवाईची तरतूद आहे, ती वेगळीच भीती.

दुसरा कायदा आपल्याला जास्त ओळखीचा आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. कलम ३(१)(डब्ल्यू) नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला, ती त्या समाजाची आहे हे माहीत असताना, तिच्या संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणे हा गुन्हा आहे. लैंगिक स्वरूपाचे शब्द आणि हावभावसुद्धा. आणि त्याला जोडलेले स्पष्टीकरण तर फडावरच्या बाईसाठीच लिहिले आहे की काय, असे वाटते. बाईने झटापट केली नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, आणि तिचा पूर्वीचा लैंगिक संबंध, अगदी त्याच माणसाशी असला तरी, संमतीचा पुरावा होत नाही. 'ती तसलीच आहे' हा बचाव कायद्याने काढून घेतला आहे. पोलीस ठाण्यात तो अजून चालतो, तो भाग निराळा.

इथेही एक भेग आहे. महार, मांग बाईला हा कायदा आहे. कोल्हाटी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे, अनुसूचित जातीत नाही. एकाच बोर्डावर नाचणाऱ्या दोन बायांपैकी एकीला संरक्षण आहे, दुसरीला नाही. भटक्या-विमुक्तांच्या संघटनांनी आणि आपण मिळून हा मुद्दा लावून धरायला हवा होता.

केरळात काय झाले ते बघा. तिथे सिनेमातल्या बायांनी संघटना केली, पाठपुरावा केला, म्हणून २०१७ मध्ये सरकारला न्या. हेमा समिती नेमावी लागली. अहवाल २०१९ च्या डिसेंबरमध्ये तयार झाला आणि साडेचार वर्षे दाबून ठेवल्यावर १९ ऑगस्ट २०२४ ला बाहेर आला. त्यात बड्या लोकांची नावे शोधण्यात वाहिन्या गुंतल्या, पण मला महत्त्वाचे वाटले ते साधे निष्कर्ष. चित्रीकरणाच्या जागी संडास नाही, कपडे बदलायला जागा नाही, लेखी करार नाही. त्याच मल्याळी सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी दलित होती. तिने पडद्यावर नायर बाई साकारली म्हणून तिला गाव सोडून पळावे लागले होते. महाराष्ट्रात तमाशाकडे अशा नजरेने बघणारी एखादी समिती नेमा, अशी मागणी कुणी मोठ्या आवाजात केल्याचे मी ऐकलेले नाही. विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार मात्र आहे. विठाबाई २००२ मध्ये गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल भागवायला लोकांना मदत गोळा करावी लागली होती.

२०२३ च्या फेब्रुवारीत एका प्रसिद्ध नर्तिकेचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ कुणीतरी चोरून काढला आणि तो मोबाइलवर फिरला. राज्य महिला आयोगाने दखल घेतली. त्या आठवड्यात आपल्या किती कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला आणि किती जणांनी तो पाठवणाऱ्याला झापले, हे ज्याचे त्याने आठवावे. तिच्या नाचावर टीका करणाऱ्या पोस्ट मात्र मी पुष्कळ वाचल्या.

आणि आपले स्वतःचे स्टेज? जयंतीच्या दिवसांत हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, सगळीकडे गायन पार्ट्या येतात. त्यांतल्या गायिकांशी बोलताना पहिला विषय निघतो तो लघवीचा. संध्याकाळी टेम्पोतून उतरल्यापासून पहाटे परत बसेपर्यंत पाणी न पिणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. दुसरा विषय बिदागीचा. दहा-दहा रुपयांच्या नोटा घेऊन स्टेजवर चढणारे आपलेच भाऊ असतात, निळा फेटा बांधलेले. बक्षीस देताना हात धरतात, फोटोसाठी खांद्यावर हात टाकतात, कार्यक्रम झाल्यावर नंबर मागतात. ती भीमगीत गाते आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असे आपण समजतो. एका कार्यक्रमात एका गायिकेने स्टेजवर आलेल्या माणसाचा हात झटकला तर आयोजक तिलाच म्हणाले, 'ताई, जरा समजून घ्या, वर्गणीदार आहेत.' वर्गणीदार, सुपारीवाला, दौलतजादा करणारा, यांत फरक किती?

काही जण म्हणतील, ही घरातली भांडणे चव्हाट्यावर कशाला. जातीयवाद्यांना आयते कोलीत मिळेल. हा युक्तिवाद मी पंधरा वर्षे ऐकते आहे आणि तो दरवेळी बाई बोलली की मगच सुचतो.

काम काय करायचे ते अवघड नाही. जयंती मंडळाने कार्यक्रम ठरवताना पार्टीसोबत एका पानाचा लेखी करार करावा. मानधन किती, किती वाजता सोडणार, बायांसाठी वेगळी खोली आणि संडास कुठे, बक्षीस स्टेजखाली टेबलवर जमा करायचे आणि प्रेक्षकाने स्टेजवर चढायचे नाही, एवढे त्यात असावे. जत्रेत तमाशाला परवानगी देताना ग्रामपंचायत आणि पोलीस लाऊडस्पीकरच्या वेळेची अट घालतात, तशीच कपडे बदलायच्या बंद खोलीची आणि समितीचे नाव-नंबर लावलेल्या फलकाची अट घालावी, यासाठी औंढा नागनाथच्या महाशिवरात्रीच्या यात्रेआधी आणि हिंगोलीच्या दसऱ्याआधी निवेदने गेली पाहिजेत.

त्याच्याही आधी एक अर्ज. माहिती अधिकारात, १० रुपयांचे तिकीट लावून, जिल्हाधिकारी कार्यालयाला. विचारायचे एवढेच: २०१३ च्या कायद्याखाली आपल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर सध्या कोण सदस्य आहेत आणि त्यांतली अनुसूचित जाती, जमाती, मागास किंवा अल्पसंख्याक समाजातली सदस्य कोण? प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा नोडल अधिकारी कोण? गेल्या तीन वर्षांत किती तक्रारी आल्या आणि त्यांत मनोरंजनाच्या कामातल्या किती? फिरत्या फडांना, गायन पार्ट्यांना आणि नाट्यसंस्थांना या समितीची माहिती देण्यासाठी काय केले? उत्तर ३० दिवसांत यावे लागते. प्रत्येक तालुक्यातून निदान एकाने हा अर्ज टाकावा, आणि तो शक्यतो मुलींनी टाकावा. मसुदा हवा असेल त्यांनी माझ्याकडे मागावा, टाइप करून ठेवलेला आहे.